माहुलीच्या कातळातला ऑक्सिजन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

चंद्रावर ऑक्सिजन सापडला, ही बातमी २०२३ च्या ऑगस्टअखेरीस आपण सगळ्यांनी वाचली, ऐकली. २३ ऑगस्टच्या संध्याकाळी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण भागात उतरलं. ‘विक्रम’च्या पोटातून प्रज्ञान नावाची सहा चाकांची बग्गी बाहेर आली आणि २८ ऑगस्टच्या निवेदनात इस्रोने सांगितलं की, बग्गीवरच्या लेसर उपकरणाने तिथल्या जमिनीत गंधक असल्याचं निःसंशय दाखवलं आहे. शिवाय ॲल्युमिनियम, कॅल्शियम, लोह, क्रोमियम, टायटॅनियम, मँगनीज, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्याही खुणा मिळाल्या आहेत.

निवेदनात मान होता तो गंधकाचा. आपल्याकडे चर्चा झाली ती मात्र ऑक्सिजनची. तेही साहजिकच. ऑक्सिजन म्हटलं की श्वास आठवतो, आणि कोरोनाच्या त्या दिवसांनंतर तर या शब्दाशी आपलं फार जवळचं नातं जडलेलं. कसारा लोकलमध्ये काय किंवा चहाच्या टपरीवर काय, प्रश्न एकच: म्हणजे आता तिथे माणसाला राहता येणार का?

याचं उत्तर शोधायला चंद्रावर जायची गरज नाही. आसनगाव स्टेशनात उतरा आणि माहुलीच्या डोंगराकडे बघा. ते नवरा, नवरी आणि भटजी नावाचे सुळके, तो सरळसोट काळा कातळ. हा सगळा बेसाल्ट, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीतून उसळून आलेला आणि थरावर थर साचून थंड झालेला लाव्हा. या कातळाच्या वजनात चाळीस टक्क्यांहून जास्त वाटा ऑक्सिजनचा आहे. पायथ्याशी पडलेला पाच किलोचा धोंडा उचललात, तर तुमच्या हातात दोन किलोहून अधिक ऑक्सिजन असतो! पण तो नाकाला लावून कोणाचा श्वास चालला आहे का? तो सिलिकॉनशी, लोहाशी, कॅल्शियमशी इतका घट्ट बांधला गेलेला आहे की सोडवायचा तर दगड वितळवून त्यात वीज सोडण्यासारखे उद्योग करावे लागतील. चंद्रावर जो ‘सापडला’ तो याच जातीचा. प्रज्ञानवरचं उपकरण माहुलीच्या पायथ्याशी आणून चालवलं तर जवळजवळ हीच यादी वाचून दाखवील.

मग एवढा खटाटोप कशासाठी, असं कोणी विचारील. ते समजायचं तर लेसर नेमकं काय ‘शोधतो’ आणि काय शोधत नाही, हे पाहिलं पाहिजे.

सुरुवात स्वयंपाकघरातून करू. भाताचं मीठ घातलेलं पाणी उतू जाऊन गॅसवर सांडलं की निळी ज्योत एकदम पिवळी होते. तो पिवळा रंग मिठातल्या सोडियमचा. दिवाळीच्या आतषबाजीतला हिरवा बहुधा बेरियमचा, लाल स्ट्रॉन्शियमचा. कोणतंही मूलद्रव्य पुरेसं तापवलं की ते ठरावीक रंगांचाच प्रकाश देतं आणि त्या रंगांत फेरबदल होत नाही. हा प्रकाश लोलकातून नेऊन पसरवला की रंगांच्या बारीक रेघा दिसतात. सोडियमच्या रेघा वेगळ्या, लोखंडाच्या वेगळ्या, कॅल्शियमच्या वेगळ्या. जर्मनीत किर्चहॉफ आणि बुन्सेन या दोघांनी १८५९-६० च्या सुमारास हे पक्कं केलं आणि हात न लावता, तुकडा न आणता, केवळ उजेड वाचून पदार्थ ओळखायची वाट मोकळी झाली.

या विद्येची एक गोष्ट आपल्या किनाऱ्यापर्यंत येते. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट प्रथमच नीट पाहिला गेला. फ्रेंच खगोलज्ञ जान्सेन त्यासाठी गुंटूरला येऊन बसला होता. त्या वर्णपटात सोडियमच्या रेघेशेजारी एक अनोळखी पिवळी रेघ होती. पृथ्वीवरच्या कोणत्याच पदार्थाशी ती जुळेना, म्हणून सूर्यावर काही नवं मूलद्रव्य आहे असं मानलं गेलं आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि लॉकियर साहेबाने इथे बसूनच हेलियम शोधला असं सांगतात. खरं पाहता १८६८ साली लॉकियर इंग्लंडमध्येच होता आणि त्याने ती रेघ ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, तिथूनच पाहिली. विजयदुर्गाला तो आला तो तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ल्याचा मान यामुळे उणावत नाही असं मला वाटतं, फक्त तारीख नीट लिहिलेली बरी. पृथ्वीवर हेलियम हाती लागायला १८९५ साल उजाडलं. तोवर सत्तावीस वर्षं त्या मूलद्रव्याच्या अस्तित्वाचा पुरावा म्हणजे प्रकाशातली ती एक रेघ होती.

पण सूर्य स्वतः पेटलेला आहे, चंद्रावरचा धोंडा थंडगार. तो उजेड देणार कसा? त्याला पेटवावं लागतं आणि ते काम लेसरचं.

लेसरचा झोत फार बारीक जागेवर एकवटता येतो, हे आपल्याला मोतीबिंदूनंतरच्या उपचारांमुळे ठाऊक झालं आहे. दगड तपासण्याच्या उपकरणात तो सलग पडत नाही, ठिणगीसारखा येतो. मंगळावरच्या ‘क्युरिऑसिटी’ बग्गीच्या लेसरची एक ठिणगी सुमारे पाच नॅनोसेकंदांची असते. पाच नॅनोसेकंदांत प्रकाश स्वतः जेमतेम पाच फूट जातो, यावरून तो क्षण केवढा हे समजावं. पण तेवढ्या क्षणात दहा लाख वॉटहून जास्त शक्ती टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेवर पडते. दगडाला वितळून वाहायलाही सवड मिळत नाही. त्याचा अगदी सूक्ष्म अंश थेट वाफ होतो, त्या वाफेतले अणू फुटतात, त्यांचे इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि सूर्याच्या पृष्ठभागाहूनही तप्त अशी एक ठिणगी पेटते. शास्त्रज्ञ तिला प्लाझ्मा म्हणतात. विझता विझता त्या ठिणगीतलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा उजेड टाकतं. उपकरण तो गोळा करतं, रेघांत पसरवतं आणि आकडे पृथ्वीकडे पाठवतं. टाकीचे घाव सोसून दगडाला देवपण येतं म्हणतात. इथे घाव सोसून दगड आपलं घराणं सांगतो.

क्युरिऑसिटीने १९ ऑगस्ट २०१२ रोजी ‘कॉरोनेशन’ असं नाव दिलेल्या दगडावर पहिल्यांदा लेसर चालवला: दहा सेकंदांत तीस ठिणग्या. एकाच जागी इतक्या का, तर मंगळावर सगळीकडे धूळ. पहिल्या काही ठिणग्या धूळ उडवण्यातच जातात. त्यांतून धुळीचा वर्णपट मिळतो, पुढच्यांतून दगडाचा. घरात पाहुणा आला की खुर्चीवर आधी फडकं मारतो, तशातला प्रकार. ही बग्गी सात मीटरवरच्या दगडाचाही असा पंचनामा करू शकते. समोर चढ असो, कपार असो, तिला जवळ जायची गरज पडत नाही.

प्रज्ञानचं उपकरण मात्र जमिनीपासून अवघ्या वीतभर उंचीवरून काम करतं. याचं एक कारण आकाराचं आहे. प्रज्ञानचं सगळं वजनच २६ किलो, क्युरिऑसिटीचं सुमारे ९०० किलो, तेव्हा उपकरण लहान ठेवणं भाग होतं. ते बंगळूरुच्या लिऑस या इस्रोच्या प्रयोगशाळेत बनलं. दुसरं कारण मला जास्त गमतीचं वाटतं. मंगळावर हवा आहे, फार विरळ, आपल्या हवेच्या दाबाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी. ती ठिणगीभोवती हलकासा वेढा घालते, तिला लगेच पसरू देत नाही, म्हणून ठिणगी छान उजळते. आपल्या इथल्या दाट हवेपेक्षाही मंगळावरची विरळ हवा या कामाला अधिक मानवते. चंद्रावर हवाच नाही. ठिणगी पेटताक्षणी चहूकडे उधळून जाते आणि उजेड फिका पडतो. तो टिपायचा तर दगडाच्या तोंडाशीच जाऊन बसावं लागतं. चांद्रयान-२ च्या प्रज्ञानवरही असंच उपकरण होतं, पण ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे उतरताना ते यान कोसळलं आणि लेसर पेटायची वेळच आली नाही.

श्रोतेहो, आकाशवाणीवर बोलतो आहे म्हणून आवाजाचीही एक गोष्ट सांगायला हवी. १८ फेब्रुवारी २०२१ ला मंगळावर उतरलेल्या ‘पर्सिव्हरन्स’ बग्गीवर लेसरच्या जोडीला मायक्रोफोन आहे. २ मार्चला तिने तीनेक मीटरवरच्या दगडावर तीस ठिणग्या पाडल्या आणि त्यांचा आवाज पृथ्वीवर पोहोचला: टक्, टक्, टक्. ठिणगी हवेला धक्का देते त्याचा तो आवाज. शास्त्रज्ञ तो नुसता गंमत म्हणून ऐकत नाहीत. दगड कठीण की भुसभुशीत, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. आपल्याकडचा पाथरवटही धोंड्यावर हातोडी वाजवून, कान देऊन ठरवतो की याचा पाटा होईल की नुसतीच खडी. प्रज्ञानच्या ठिणग्या मात्र मुक्या. हवा नाही तिथे आवाज कुठला?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. लेसरने मूलद्रव्यं कळली. पण मूलद्रव्य म्हणजे खनिज नव्हे आणि सगळा घोळ इथेच होतो. मी कविता लिहिणारा माणूस, मला हे अक्षरांवरून सोपं वाटतं. क, म, ल ही तीन अक्षरं घ्या. एका क्रमाने लावली तर कमल होतं, दुसऱ्या क्रमाने कलम. अक्षरं तीच, पण एक तळ्यात उगवतं, दुसरं हातात धरतात. मूलद्रव्यं ही अक्षरं आणि खनिजं हे शब्द. ठिणगीचा लेसर पहिली गोष्ट करतो ती अशी की, शब्द फोडून अक्षरं वेगळी काढतो. मग तो आपल्याला सांगतो की इथे क आहे, म आहे, ल आहे. शब्द कोणता होता, हे त्याला सांगता येत नाही, कारण तो त्यानेच मोडलेला असतो. हिरा आणि पेन्सिलीतलं ग्रॅफाइट दोन्ही निव्वळ कार्बन. या लेसरपुढे दोघांचा दाखला एकच.

शब्द वाचायचा तर तो न मोडता वाचायला हवा. ती युक्ती एका भारतीयाने दिलेली आहे. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन आणि त्यांचे सहकारी कृष्णन यांना दिसलं की, एका रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला तर त्यातला अगदी थोडा अंश रंग बदलून बाहेर येतो. अणू एकमेकांशी जसे बांधलेले असतात, तशी त्यांची थरथर असते. त्या थरथरीला थोडी शक्ती देऊन किंवा तिच्याकडून घेऊन प्रकाश बाहेर पडतो. म्हणून बदललेला रंग अणूंची बांधणी सांगतो, म्हणजेच अक्षरांचा क्रम. अडचण एवढीच की असा रंग बदललेला प्रकाशकण कोटीत एखादा. रामन यांच्याजवळ पाऱ्याच्या वाफेचा दिवा होता, तेव्हा नोंद मिळवायला तासन् तास जात. १९६० साली लेसर आला आणि या पद्धतीला खरं बळ मिळालं. नोबेल १९३० चं आणि लेसर त्यानंतर तीस वर्षांनी, हा क्रमही लक्षात ठेवण्याजोगा आहे. पर्सिव्हरन्सवर या दोन्ही पद्धती आहेत. अवरक्त लेसरने दगड पेटवून अक्षरं वाचायची आणि हिरव्या लेसरने, दगडाला धक्का न लावता, बारा मीटरपर्यंतचे शब्द वाचायचे. रामन यांचं नाव असं मंगळावर फिरतं आहे.

हा फरक केवळ पुस्तकी वाटत असेल तर बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला चला. तिथलं सरोवर जवळजवळ पावणेदोन किलोमीटर व्यासाच्या खळग्यात आहे. खळगा आपल्या माहुलीसारख्याच काळ्या बेसाल्टमध्ये पडलेला. पूर्वी पुष्कळ जण तो ज्वालामुखीचा समजत. १९७३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकी आणि भारतीय संशोधकांनी तो अशनीच्या आघाताने झाल्याचे पुरावे मांडले. त्यात एक पुरावा मस्केलिनाइट या काचेचा होता. बेसाल्टमध्ये प्लॅजिओक्लेज नावाचं खनिज असतं, त्यातले अणू स्फटिकात रांगेने बसलेले. आघात इतका जबर होता की खनिज न वितळताच त्या रांगा विस्कटल्या आणि स्फटिकाची काच झाली. मूलद्रव्यं तीच, प्रमाणही जवळपास तेच. ठिणगीचा लेसर दोन्हींना एकच म्हणेल. रामन पद्धत मात्र रांग आणि गर्दी यांतला फरक झटकन ओळखते. ज्वालामुखी की अशनी, याचा निकाल अशा फरकांवर लागतो. ही काच प्रथम ओळखली गेली ती शेरघाटीच्या दगडात. १८६५ च्या ऑगस्टमध्ये बिहारमधल्या गया भागात शेरघाटीजवळ आकाशातून एक दगड पडला होता. तो मंगळावरून आला, हे शास्त्रज्ञांना शंभरेक वर्षांनी उमगलं. लोणारमध्ये आणि मंगळाच्या दगडात एकच काच! चंद्रावर, मंगळावर बेसाल्टची मैदानंच्या मैदानं आहेत, अशनींचे खळगेही असंख्य, आणि पृथ्वीवर बेसाल्टमध्ये पडलेला असा नीट टिकलेला खळगा दुर्मीळ. म्हणून परग्रहांचे अभ्यासक लोणारला येत राहतात. तिथे पिकनिकला जाणाऱ्यांनी निदान त्या दगडांवर नावं कोरू नयेत.

प्रज्ञानवर रामन पद्धतीचं उपकरण नव्हतं. मग इस्रोने नुसत्या अक्षरांवर भागवलं का? नाही, दुसरा साक्षीदार होता. आमच्यात ईदचा चाँद दिसला, असं एकट्या माणसाने येऊन सांगितलं तर तेवढ्यावर ईद होत नाही. किमान दोघा विश्वासू माणसांची साक्ष लागते, आणि तो पाहणारा कुठे उभा होता, आकाश स्वच्छ होतं का, हेही विचारलं जातं. गंधकाचंही असंच झालं. गंधकाच्या रेघा या पद्धतीत मुळात क्षीण. पण प्रज्ञानवर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत बनलेलं दुसरं उपकरण होतं. त्यात क्युरियम या किरणोत्सारी धातूचा वापर केला आहे. त्याचे किरण जमिनीवर सोडले की जमिनीतली मूलद्रव्यं क्ष-किरणांच्या भाषेत उत्तर देतात. वाट वेगळी, सिद्धांत वेगळा, आणि त्यानेही गंधक आहे असंच सांगितलं. पेटलेल्या ठिणगीचा उजेड आणि क्ष-किरण, या दोन साक्षी जुळल्यावर ती बातमी खरी बातमी झाली.

या दुसऱ्या उपकरणाने १०३ मीटरच्या वाटेवर २३ ठिकाणी मोजमाप केलं. त्याचे निष्कर्ष ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आले. मूलद्रव्यांची प्रमाणं अशी जुळली की तिथली जमीन मुख्यत्वे ॲनॉर्थोसाइट या फिकट दगडाची असावी. म्हणजे अक्षरं मोजून, कोणतं किती वेळा आलं ते पाहून, शब्दाचा पक्का अंदाज. या दगडात भरणा असतो तो प्लॅजिओक्लेजचा, आपल्या बेसाल्टमध्येही असणाऱ्या त्याच खनिजाचा. पण बेसाल्टमध्ये ते लोह-मॅग्नेशियमच्या काळ्या खनिजांत मिसळलेलं असतं, चंद्राच्या उंच प्रदेशांत जवळजवळ एकटंच. असं का? एक जुना तर्क आहे की जन्मानंतर चंद्र वरून वितळलेला होता, दगडाचा समुद्रच. तो थंड होताना जड खनिजं तळाशी बसली आणि हलकं प्लॅजिओक्लेज दुधावरच्या सायीसारखं वर आलं. अपोलोच्या यात्रींनी आणलेल्या दगडांवरून हा तर्क निघाला, पण ते दगड चंद्राच्या मधल्या पट्ट्यातले. दक्षिणेकडे, सत्तर अंशांच्या जवळ जाऊन कोणी जमिनीला विचारलं नव्हतं. प्रज्ञानने विचारलं आणि साय तिथेही निघाली.

गंधकाची गोष्ट त्याहून खोल जाते. तो अपेक्षेपेक्षा जास्त निघाला, आणि सोडियम, पोटॅशियम कमी. २०२५ मध्ये अहमदाबादच्या संशोधकांनी मांडलं की हा चंद्राच्या पोटातला जुना ऐवज असू शकतो. दक्षिण ध्रुवाकडे एटकेन नावाचा प्रचंड खळगा आहे, सुमारे अडीच हजार किलोमीटर रुंद. तो पडताना आतलं द्रव्य वर फेकलं गेलं आणि प्रज्ञानच्या वाटेवरच्या मातीत मिसळलं, असा त्यांचा तर्क आहे. मातीत हाताला लागणारा वासाचा, काडेपेटीच्या गुलाचा गंधक नव्हे हा, दगडात अंशमात्र असलेला. पण त्या अंशावरून चंद्र आतून कसा आहे हे उलगडायला लागतं. बातमी खरी मोठी होती ती ही.

मग श्वासाचं काय? परग्रहावर प्रत्यक्ष श्वासाजोगा ऑक्सिजन एकदाच बनवला गेला आहे. पर्सिव्हरन्सवरच्या एका पेटीने २०२१ ते २०२३ या काळात मंगळाच्या हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून, सोळा वेळा चालून, एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढला. हवेतून, दगडातून नव्हे.

इस्रोच्या २८ ऑगस्टच्या त्याच निवेदनात आणखी एका नावाचा उल्लेख होता, ज्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही: हायड्रोजन. त्याचा शोध चालू आहे, एवढंच एक वाक्य. ऑक्सिजन तर प्रत्येक दगडात असतो, पण हायड्रोजन मिळाला तर पाण्याच्या बर्फाची शक्यता उभी राहते. तो बर्फ असला तर ध्रुवाजवळच्या ज्या खळग्यांत ऊन कधीच पोहोचत नाही, तिथे टिकून असणार. उन्हावर चालणारी प्रज्ञान तिकडे जाणारी नव्हती. तिच्या वाट्याला चंद्रावरचा एक दिवस आला, आपले चौदा. २ सप्टेंबरला तिला निजवलं, २२ ला पुन्हा ऊन आलं तेव्हा हाका घातल्या, ती उठली नाही. जपानसोबतच्या चांद्रयान-५ मोहिमेला मार्च २०२५ मध्ये सरकारची मंजुरी जाहीर झाली. तिच्या बग्गीचं मुख्य काम ध्रुवाजवळच्या जमिनीत पाणी शोधण्याचं आहे.